कोण आजारी पडलं नाही?

‘अज्ञात तापाने अमुक जणांचा मृत्यू’ अशी बातमी आली की पुढचे दिवस साधारण एकाच क्रमाने जातात. आधी रुग्णांचा आकडा येतो. मग नमुने तपासणीला पाठवल्याचं कळतं. त्याच रात्री मेलेल्या वटवाघळांचे आणि कोंबड्यांचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. दोन-चार दिवसांत अधिकारी एका आजाराचं नाव घेतात, आठवड्याने ते मागे घेऊन दुसरंच सांगतात. वाचणाऱ्याला वाटतं, यांना काही कळत नाही, नाहीतर हे काहीतरी लपवताहेत.

बहुतेक वेळा या दोन्हींतलं काहीच खरं नसतं. विषाणूच्या साथीचा शोध घ्यायची पद्धतच अशी आहे की तिच्यात पहिलं उत्तर कामचलाऊ असतं. ही पद्धत समजून घेणं अवघड नाही. तिच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे, पण बातम्यांमध्ये तो जवळजवळ कधीच दिसत नाही. कोण आजारी पडलं, हे सगळेच विचारतात. कोण आजारी पडलं नाही, हे कुणीतरी विचारतं तेव्हा तपास खरा सुरू होतो.

## छतावरची ओल

छताला ओल आली की आपण ओल दिसते तिथे बोट ठेवतो. जाणता गवंडी मात्र वर जाऊन सगळी गच्ची बघतो, कारण पाणी भलतीकडून शिरतं आणि स्लॅबच्या पोटातून वाट काढत सोयीच्या जागी बाहेर पडतं. माणसांतली साथ ही पुष्कळदा अशी ओल असते. पाणी शिरलेलं असतं एखाद्या गोठ्यात, झाडावर, जंगलात.

माणसांच्या माहीत असलेल्या संसर्गजन्य आजारांपैकी सुमारे ६० टक्के आजार प्राण्यांकडून येऊ शकतात, आणि अलीकडच्या काळात नव्याने डोकं वर काढलेल्या आजारांत हे प्रमाण सुमारे ७५ टक्के आहे, असा अंदाज आहे. अशा आजारांना ‘प्राणिजन्य’ म्हणतात.

विषाणू हे काही पूर्ण जीव नव्हेत. विषाणू म्हणजे पाकिटात घातलेली एक पाककृती. स्वतःचं स्वयंपाकघर त्याला नसतं, म्हणून तो पेशीत शिरतो आणि तिथली भांडी, तिथलं सामान वापरून स्वतःच्या नकला करून घेतो. पेशीचं दार उघडायला त्याच्याकडे किल्ली लागते. कोंबडीच्या पेशीची किल्ली माणसाच्या कुलपाला सहसा बसत नाही, म्हणूनच आपल्या आजूबाजूला प्राण्यांचे असंख्य विषाणू असूनही आपण बहुधा सुखरूप असतो. पण नकला करताना चुका होतात, किल्लीचे दाते थोडे बदलतात. शिवाय माणूस आणि जनावर रोज एकमेकांच्या श्वासात, रक्तात, दुधात वावरत असतील तर ती किल्ली हजारो वेळा लावून बघितली जाते.

## आधी ठरवायचं, रुग्ण कोणाला म्हणायचं

साथीच्या जागी पोहोचलेलं पथक पहिल्यांदा करतं ते काम अगदी रुक्ष वाटेल असं आहे. ते एक वाक्य लिहितं: अमुक तारखेनंतर, अमुक भागात राहणाऱ्या ज्या माणसाला ताप आला आणि जोडीला झटके आले किंवा शुद्ध हरपली, तो आपला ‘संशयित रुग्ण’. तपासणीत विषाणू सापडला की तोच ‘खात्रीचा रुग्ण’. या वाक्याशिवाय मोजणी करणं म्हणजे वाटेल तेव्हा लांबी बदलणाऱ्या पट्टीने कापड मोजणं. एकाच दिवशी दोन वर्तमानपत्रांत दोन आकडे दिसतात तेव्हा बऱ्याचदा एकाने संशयित छापलेले असतात आणि दुसऱ्याने खात्रीचे.

मग प्रत्येक रुग्णाचं वय, काम, राहण्याची जागा आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पहिलं लक्षण कोणत्या दिवशी दिसलं, हे लिहायचं. रोज किती जण आजारी पडले याचा आलेख काढला की तो बोलू लागतो. सगळे एकाच ठिकाणी एकदाच बाधित झाले असतील तर एक उंच टेकडी दिसते आणि संपते. माणसाकडून माणसाला होत असेल तर ठरावीक दिवसांच्या अंतराने एकामागून एक लाटा दिसतात, कारण विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही दिवस जातात. अजून विषाणूचं नावही कळलेलं नसतं, आणि तरी तो कसा फिरतोय याचा अदमास आलेला असतो.

## मलेशियातला चुकलेला आठवडा, जो महिने चालला

हे सगळं किती महत्त्वाचं आहे ते १९९८-९९च्या मलेशियात दिसलं. तिथल्या डुकरं पाळणाऱ्या गावांमध्ये लोकांना ताप आणि मेंदूला सूज येऊ लागली. त्या भागात जपानी मेंदूज्वर हा ओळखीचा आजार. तो डासांमुळे होतो आणि त्याचा विषाणू डुकरांत वाढतो. काही रुग्णांच्या तपासण्यांतही तसेच संकेत मिळाले. निदान जागच्या जागी बसलं. डासांवर फवारणी झाली, लोकांना लस टोचली गेली, आणि माणसं मरत राहिली.

आता तो प्रश्न विचारून बघा. जपानी मेंदूज्वर प्रामुख्याने मुलांना होतो, इथे मुलं क्वचितच आजारी पडत होती. आजारी होते ते मोठे, कामकरी पुरुष. डास सगळ्यांना चावतात, पण डुकरांशी संबंध नसलेली शेजारची घरं सुखरूप होती. लस घेतलेल्यांना त्या आजारापासून संरक्षण मिळायला हवं होतं, तरी त्यांतले काही जण आजारी पडले. आणि जपानी मेंदूज्वरात डुकरं सहसा ठणठणीत दिसतात, इथली डुकरं मात्र भुंकल्यासारखा मोठा खोकला खोकत होती. पुरावा डोळ्यांसमोर होता. पण तो ‘नसण्याच्या’ रूपात होता, आणि नसलेली गोष्ट दिसायला वेगळी नजर लागते.

मार्च १९९९मध्ये मलाया विद्यापीठातले विषाणुशास्त्रज्ञ चुआ काव बिंग यांनी एका रुग्णाच्या मेंदूभोवतीच्या द्रवातून विषाणू प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढवला. जपानी मेंदूज्वराचा विषाणू पेशींचं जे करतो ते इथे घडत नव्हतं. पेशी एकमेकींत मिसळून मोठे गोळे होत होते. नमुना अमेरिकेतल्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेत गेला आणि हा गोवराच्या लांबच्या कुळातला नवा विषाणू असल्याचं स्पष्ट झालं. ज्या गावच्या रुग्णाकडून तो मिळाला त्या सुंगाई निपाह गावावरून त्याचं नाव पडलं निपाह. त्यानंतर दहा लाखांहून अधिक डुकरं मारली गेली आणि साथ थांबली. तोवर मलेशियात सुमारे २६५ जण आजारी पडले होते आणि १०५ जण दगावले होते.

त्या अधिकाऱ्यांना नुसता दोष देऊन आपण फार शहाणे ठरत नाही. ओळखीचं उत्तर समोर असताना कुणीही तेच उचलेल. पण लस घेतलेला पहिला माणूस आजारी पडला त्याच दिवशी थांबून विचार व्हायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

## प्रयोगशाळा काय सांगते, आणि काय सांगत नाही

‘नमुने पाठवले’ म्हणजे काय केलं? साधारण चार गोष्टी होतात.

पीसीआर आपल्याला कोविडपासून माहीत आहे. विषाणूच्या जनुकाचा ठरावीक तुकडा शोधून तो पुन्हा पुन्हा दुप्पट करायचा. एकाचे दोन, दोनाचे चार, असं ३० वेळा केलं की एका तुकड्याचे १०० कोटींहून जास्त होतात आणि यंत्राला दिसतात. चाचणी वेगवान आणि अचूक आहे, पण तिची एक अट आहे. ज्याचं नाव घेऊन हाक मारू तोच ओ देतो. निपाहला बोलावलं आणि खोलीत दुसराच विषाणू बसला असेल तर उत्तर येतं ‘निगेटिव्ह’. त्याचा अर्थ ‘इथे कुणी नाही’ असा नसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी. प्रतिपिंडं म्हणजे विषाणूला ओळखून पकडणारे, शरीराने तयार केलेले प्रथिनांचे रेणू. विषाणू निघून गेल्यावरही ती बराच काळ राहतात, म्हणून कधीच आजारी न पडलेल्या माणसाच्या, गाईच्या किंवा वटवाघळाच्या रक्तातूनही ‘हा इथे येऊन गेला होता’ हे कळतं. पण एकाच कुळातल्या विषाणूंच्या बाबतीत ती फसतात, जसा भावाभावांचा आवाज फोनवर सारखाच वाटतो.

तिसरी, विषाणू पेशींवर प्रत्यक्ष वाढवणं. हे संथ आणि धोक्याचं काम आहे, पण नाव माहीत नसलेला पाहुणाही त्यात सापडू शकतो. निपाह असाच सापडला.

चौथी म्हणजे विषाणूची सगळी पाककृती अक्षरन् अक्षर वाचणं, जनुकीय क्रम काढणं. शाळेत एकमेकांच्या वहीवरून गृहपाठ उतरवणारी मुलं शिक्षकांना कशी सापडतात? उत्तर बरोबर असल्याने नव्हे, तर सगळ्यांच्या वहीत तीच चूक असल्याने. विषाणूंच्या नकलांतल्या चुकाही तशाच पुढे जातात. दोन रुग्णांच्या विषाणूंत त्याच चुका दिसल्या तर ते जवळचे. २०१४च्या इबोला साथीत सिएरा लिओनमधल्या ७८ रुग्णांकडून मिळालेले ९९ जनुकीय क्रम वाचले गेले. तो विषाणू प्राण्यांतून पुन्हा पुन्हा येत नव्हता, एकदा आला होता आणि मग माणसांतच फिरत होता, हे त्यातून दिसलं. यावर पुढची दिशा ठरते. असं असेल तर जंगलाकडे नव्हे, रुग्णसेवा आणि अंत्यविधी यांच्याकडे आधी लक्ष द्यायचं. उंटांकडून माणसांत येणाऱ्या मर्स या श्वसनाच्या आजाराच्या विषाणूचं चित्र उलटं आहे. तो उंटांतून वेगवेगळ्या वेळी, पुन्हा पुन्हा माणसांत उतरतो.

## जे एमू मेले नाहीत

भावाभावांच्या आवाजाची गफलत न्यूयॉर्कमध्ये १९९९च्या उन्हाळ्यात झाली. क्वीन्स भागात काही वयस्कर माणसांना मेंदूची सूज आणि हातापायांत अशक्तपणा आला. प्रतिपिंडांच्या तपासणीवरून निदान झालं, सेंट लुइस मेंदूज्वर. त्याच दिवसांत शहरात कावळे मरून पडत होते, पण तो विषय माणसांच्या डॉक्टरांच्या टेबलावर नव्हता.

ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातले पक्षीही मरू लागले. तिथल्या पशुविकृतितज्ज्ञ ट्रेसी मॅकनमारा यांना ते निदान पटेना. सेंट लुइस मेंदूज्वराचा विषाणू पक्ष्यांत राहतो, पण पक्ष्यांना मारत नाही. इथे तर पक्षीच मरत होते. मग घोड्यांना होणाऱ्या दुसऱ्या एका मेंदूज्वराची शंका घ्यावी, तर त्याने एमू हमखास मरतात, आणि संग्रहालयातले एमू मजेत होते. दोन्ही नावं बाद. पक्ष्यांचे नमुने तपासले गेले आणि उत्तर मिळालं, वेस्ट नाईल विषाणू. अमेरिका खंडांत तो याआधी कधीच आढळला नव्हता. सेंट लुइसच्याच कुळातला, म्हणून प्रतिपिंडांनी फसवलं होतं. त्या वर्षी तिथे ६२ जण आजारी पडले, त्यांतले ७ दगावले.

निरोगी एमूंकडे बोट दाखवून निदान खोडणं, ही मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर चाल वाटते.

याच्या चार दशकं आधी, १९५७ साली, आजच्या कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासच्या गावांत लोकांना तीव्र ताप येऊ लागला. माकडं मरतात म्हणजे माकडांनाही मारणारा पीतज्वर आशियात पोहोचला की काय, अशी धास्ती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, शोध घेतला. निघाला एक नवाच विषाणू, आणि तो पसरवत होते जंगलातले गोचीड. ‘माकडताप’ हे नाव रूढ झालं, पण त्या नावामुळे माकडांवर अन्याय होतो. माकड इथे आपल्यासारखंच बळी आहे. ते मेल्यावर त्याच्या अंगावरचे गोचीड खाली पडतात आणि ती जागा धोक्याची होते. गुरांना हा आजार होत नाही, पण मोठे गोचीड गुरांच्या रक्तावर पोसले जातात, त्यामुळे जंगलात चरणाऱ्या गुरांमागे गोचीडही वाढतात. आणि हा ताप माणसाकडून माणसाला होत नाही. एवढं कळलं की जंगलात मेलेलं माकड दिसल्यावर घाबरायच्या ऐवजी कळवायचं असतं, हे आपोआप समजतं. मेलेलं माकड म्हणजे फुकट मिळालेली आगाऊ सूचना.

## जो आजारी न पडता विषाणू सांभाळतो

साथीच्या मुळाशी बऱ्याचदा असा प्राणी असतो ज्याच्यात विषाणू पिढ्यान् पिढ्या राहतो, पण त्याला फारसा त्रास देत नाही. त्याला ‘मूळ यजमान’ म्हणतात. त्याला शोधणं कठीण असतं, कारण तो मेलेला सापडत नाही. तक्रार न करणाऱ्या माणसाकडे जसं कुणाचं लक्ष जात नाही, तसंच हे.

निपाहचा मूळ यजमान म्हणजे फळं खाणारी मोठी वटवाघळं. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, पण जिवंत विषाणू मिळवायला संशोधकांनी मलेशियातल्या तिओमान बेटावर वटवाघळांच्या झाडांखाली प्लॅस्टिकच्या चादरी अंथरल्या आणि पडणारं मूत्र गोळा केलं. त्यातून आणि वटवाघळांनी अर्धवट खाऊन टाकलेल्या फळावरून विषाणू मिळाला. साथ सुरू झाली त्या भागातल्या मोठ्या वराहपालन केंद्राशेजारी आंब्याची झाडं लावलेली होती. वटवाघळं फळाला आली, उष्टं खाली पडलं, डुकरांनी खाल्लं, डुकरांतून माणसांत. छतावरच्या ओलीपासून गच्चीवरच्या फटीपर्यंतची वाट अशी सापडली.

बांगलादेशात तोच विषाणू वेगळ्या वाटेने आला. तिथे मधे डुकरं नव्हती. मग संशोधकांनी या लेखाच्या शीर्षकातलाच प्रश्न हत्यारासारखा वापरला. प्रत्येक रुग्णामागे त्याच गावातली, त्याच्याच वयाची काही निरोगी माणसं निवडायची आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे. काय खाल्लं, कुठे गेलात, कोणती जनावरं हाताळलीत? नुसतं रुग्णांनाच विचारलं असतं तर ते सगळे पाणी प्याले आणि भात खाल्ला एवढंच कळलं असतं. निरोगी शेजारीही तेच करतात हे दिसलं की त्या गोष्टी गळून पडतात, आणि चाळणीत फरक तेवढा राहतो. २००५मध्ये टांगाईल जिल्ह्यात असा राहिलेला फरक होता शिंदीच्या झाडाचा कच्चा रस. पुढे रात्री अंधारात टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी वटवाघळं झाडाच्या छेदावर येऊन रस चाटताना दाखवली. उपाय निघाला तोही साधा: बांबूच्या कामट्यांची झडप बांधून छेद आणि मडकं झाकायचं.

## ‘मग वटवाघळंच मारून टाकली तर?’

हा प्रश्न प्रत्येक साथीत येतो, आणि तो विचारणारा माणूस दुष्ट नसतो, घाबरलेला असतो. उत्तर युगांडाच्या कीटाका खाणीत मिळालं. २००७मध्ये तिथल्या खाणकामगारांना मारबर्ग या इबोलाच्या भाऊबंद विषाणूची लागण झाली. विषाणू खाणीतल्या वटवाघळांत होता, म्हणून ती संपवण्यात आली. काही वर्षांत नवी वटवाघळं रिकाम्या खाणीत येऊन राहिली. तपासलं तर त्यांच्यातलं बाधितांचं प्रमाण आधीच्या दुपटीहून जास्त निघालं, आणि २०१२मध्ये जवळच्याच भागात माणसांत पुन्हा मारबर्गची साथ आली. जुन्या वसाहतीत बऱ्याच वटवाघळांना प्रतिकारशक्ती आलेली असते. ती मारली की तिच्या जागी कोरी, लगेच बाधित होणारी पिढी येते. शिवाय झाडं तोडून, फटाके लावून हुसकावलेली वटवाघळं जातात कुठे? नव्या ठिकाणी, नव्या माणसांजवळ.

## ‘पण कोंबड्या आणि गुरं तर मारतातच ना?’

मारतात, आणि त्यामागचं कारण वेगळं आहे. पाळीव पक्षी कोंडलेले, मोजलेले असतात, त्यामुळे साखळी खरोखर तोडता येते. १९९७मध्ये हाँगकाँगमध्ये एच-५-एन-१ बर्ड फ्लू १८ माणसांना झाला आणि ६ जण दगावले. तिथल्या सगळ्या, म्हणजे दहा लाखांहून अधिक कोंबड्या काही दिवसांत मारल्या गेल्या आणि माणसांतले नवे रुग्ण थांबले. निरोगी दिसणारी कोंबडीही मारतात, कारण लक्षणं दिसायच्या आधीच ती विषाणू बाहेर टाकत असू शकते.

पण हा उपाय नेहमीच योग्य असतो असं मी म्हणणार नाही. २००१मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकूत आला तेव्हा ६० लाखांहून अधिक जनावरं मारली गेली. हा आजार माणसांसाठी जवळजवळ निरुपद्रवी आहे. मारलेल्यांतली असंख्य जनावरं बाधित नव्हती. लस का दिली नाही? कारण लस दिलेल्या आणि आजार होऊन गेलेल्या जनावरांच्या रक्तात सारखीच प्रतिपिंडं दिसतील आणि निर्यात अडेल, ही भीती. आता शुद्ध केलेल्या लशी आणि जोडीच्या चाचण्या आहेत. लशीत विषाणूचे काही भाग नसतातच, त्यामुळे त्या भागांविरुद्धची प्रतिपिंडं फक्त खऱ्या आजारातच दिसतात. इथेही तोच धागा आहे: काय आहे याइतकंच काय नाही हे तपासायचं.

आणि भरपाईचं काय? पशुपालकाला वेळेवर, पुरेसे पैसे मिळाले नाहीत तर तो पुढच्या वेळी आजारी जनावर लपवील किंवा घाईने विकेल, आणि विषाणू त्या जनावराबरोबर प्रवास करील. भरपाई ही दया नव्हे, रोगनियंत्रणाचं साधन आहे.

## ‘मृत्यूचं प्रमाण रोज का बदलतं?’

हा साधा भागाकार आहे: मृत्यू भागिले रुग्ण. घोटाळा दोन ठिकाणी होतो. वरचा आकडा उशिरा येतो, कारण माणूस आज आजारी पडतो आणि दोन-तीन आठवड्यांनी दगावतो. २००३मध्ये सार्स या श्वसनाच्या आजारातल्या मृत्यूंचं प्रमाण सुरुवातीला ४ टक्क्यांच्या आसपास वाटलं. साथ संपली तेव्हा ८,०९८ रुग्ण आणि ७७४ मृत्यू होते, म्हणजे जवळपास १० टक्के.

खालचा आकडा मात्र उलटीकडे फसवतो. दवाखान्यात पोहोचलेलेच मोजले तर आजार खरा असतो त्यापेक्षा भयंकर दिसतो, कारण सौम्य लक्षणांचे आणि लक्षणंच नसलेले लोक हिशेबातच येत नाहीत. २००३पासून जगभरात नोंदल्या गेलेल्या एच-५-एन-१च्या मानवी रुग्णांपैकी जवळपास निम्मे दगावले. पण हे ‘नोंदल्या गेलेल्या’तले निम्मे आहेत.

## ‘असले विषाणू प्रयोगशाळेत ठेवायचेच कशाला?’

शंका रास्त आहे. अपघात झालेले आहेत. १९७८मध्ये इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम इथे देवीने जगातला शेवटचा ज्ञात बळी घेतला, तो विषाणू तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्रयोगशाळेतून आलेला होता. २००७मध्ये इंग्लंडमध्येच पिरब्राइट इथल्या संशोधन आवारातल्या सदोष सांडपाणी वाहिनीतून लाळ्या-खुरकुताचा विषाणू बाहेर पडला आणि शेजारची गुरं आजारी पडली.

म्हणूनच कामाचे जैवसुरक्षेचे चार स्तर ठरवलेले आहेत. चौथ्या स्तरावर खोलीतली हवा बाहेर जाऊ नये म्हणून आतला दाब कमी ठेवतात, बाहेर सोडायची हवा गाळून घेतात, आणि माणसं हवा पुरवलेल्या बंद पोशाखात काम करतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेत अशी प्रयोगशाळा आहे. रोजच्या पीसीआरला याची गरज नसते, कारण नमुना आधी रसायनाने निष्क्रिय करता येतो. जिवंत विषाणू लागतो तो नवी चाचणी, औषध, लस पारखायला. धोका शून्य होत नाही, म्हणून अशा जागा मोजक्या असाव्यात, त्यांच्यावर बाहेरच्यांची देखरेख असावी, आणि अपघात झाला तर तो जाहीर करण्याची सक्ती असावी. हे मागणं म्हणजे विज्ञानाला विरोध नव्हे.

## ‘जनावरांचा प्रत्येक आजार आपल्याला होतो का?’

नाही. २०२२मध्ये भारतात गुरांमध्ये लम्पी पसरला तेव्हा अनेकांनी दूध बंद केलं. लम्पीचा विषाणू माणसाला होत नाही. गोवराचा जवळचा नातेवाईक असलेली बुळकांडी गुरांचे कळप नाहीसे करायची, माणसाला तिने कधी शिवलं नाही. २०११मध्ये ती जगातून नष्ट झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा हा दुसराच आजार. उलट दिशेचा प्रवासही होतो. कोविडचा विषाणू माणसांकडून डेन्मार्कमधल्या मिंक प्राण्यांत गेला, तिथे बदलला आणि परत माणसांत आला. म्हणजे जनावरांना नेहमी आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं बरोबर नाही.

२०२४च्या सुरुवातीला अमेरिकेत टेक्सासच्या गोठ्यांतल्या गाई अचानक कमी दूध देऊ लागल्या, दूध घट्ट आणि पिवळसर झालं. गुरांच्या नेहमीच्या आजारांच्या तपासण्या निगेटिव्ह येत राहिल्या. गाई बऱ्याही होत होत्या. मरत होत्या त्या गोठ्यातल्या मांजरी, ज्या कच्चं दूध पीत होत्या. पशुवैद्यांनी मांजरी आणि दूध दोन्हींचे नमुने पाठवले आणि मार्चमध्ये उत्तर आलं: एच-५-एन-१. पक्ष्यांचा म्हणून ओळखला जाणारा विषाणू गाईच्या कासेत वाढत होता.

मग गोठ्यांत काम करणाऱ्या माणसांकडे लक्ष गेलं. मिशिगन आणि कोलोरॅडोमधल्या, बाधित गाई असलेल्या गोठ्यांतल्या ११५ कामगारांचं रक्त तपासलं गेलं. ८ जणांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडं सापडली. आठही जण गाईंचं दूध काढणारे किंवा दूध काढायची जागा धुणारे. त्यांतल्या चौघांना त्या काळात आपण आजारी होतो असं आठवतच नव्हतं.